गच्चीखालची खोली तापते: पेंट, पफ की फॉल्स सीलिंग?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकत असेल तर सांगा, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. अकोल्यात आईवडिलांचं दुमजली घर, बांधून २२ वर्षं झालेली. त्यांची झोपायची खोली वरच्या मजल्यावर, आणि एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत रात्री बाराच्या आत तिथं पाठ टेकवत नाही. गच्ची ११०० चौरस फूट, वर विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा. कूलर आहे, एसी वडिलांना सोसत नाही. तुमच्या हातात तीन कोटेशनं आहेत: तीन खोल्यांना थर्माकोल घालून पीओपीचं फॉल्स सीलिंग, साधारण ५० हजार, गच्चीभर दोन इंच पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, फवारा, पावणेदोन लाखांच्या आसपास, आणि गच्चीला ‘हीट प्रूफ’ पेंट, ३१ हजार. बजेट दीड लाख. तुम्ही विचारताय, रुपयामागे सर्वांत जास्त गारवा कशात?

मी नागपुरात २६ वर्षं घरं बांधतोय, आणि बांधलीत त्याहून जास्त दुरुस्त केलीत. हा प्रश्न दर मार्चमध्ये येतो, आणि बहुतेक वेळा असाच येतो: तीन कोटेशनं, तीन भाव, कुठलं घेऊ? अडचण अशी की ही तीन कोटेशनं एकाच कामाची नाहीतच. छत्री, रेनकोट आणि टॉवेल यांचे भाव शेजारी ठेवून स्वस्त काय ते विचारावं, तसं हे आहे. पेंट म्हणजे छत्री, ऊन वरच्या वर परतवतो. पफ म्हणजे रेनकोट, आलेली उष्णता वाटेत अडवतो. फॉल्स सीलिंग हा टॉवेल. स्लॅब तापून झाल्यावर, ती उष्णता अंगावर पडू नये म्हणून खाली धरलेला. तिन्हींचा उपयोग आहे, पण क्रम चुकला की पैसा जातो.

उष्णता येते कुठून, ते आधी. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. मेच्या उत्तरार्धात अकोल्याला शून्य सावलीचा दिवसच येतो. दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन जेमतेम पडतं, पूर्व-पश्चिमेच्या भिंती सकाळ-संध्याकाळ तापतात, आणि गच्ची मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत सगळं ऊन एकटी खाते. भर दुपारी चौरस मीटरला ९०० ते १००० वॅट. त्यामुळे एकमजली किंवा वरच्या मजल्याच्या घरात पहिला रुपया भिंतीवर घालू नका, गच्चीवर घाला. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी असेल तर तेवढा अपवाद.

दुसरी गोष्ट वेळेची. पाच इंच स्लॅब आणि त्यावर चार इंच कोबा ही जाडी दुपारी दोनची उष्णता लगेच खाली सोडत नाही. ती झिरपत झिरपत सहा-सात तासांनी छताच्या खालच्या अंगाला पोहोचते. म्हणजे रात्री आठ-नऊला. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात बरं वाटतं, आणि खोलीत छत तापलेल्या तव्यासारखं अंगावर उष्णता टाकत असतं. पंखा लावला की छताजवळची गरम हवा खाली येते, म्हणून ‘पंखा लावला तर जास्तच गरम होतं’ ही तक्रार खरी असते. आईला एकदा रात्री नऊला पलंगावर उभं राहून छताला हात लावायला सांगा. नको, पलंगावर उभं राहायला सांगू नका, त्यांच्या वयात नको. तुम्ही गेलात की तुम्हीच लावून बघा.

आता आकडे. फार किचकट करत नाही, पण थोडा हिशोब केल्याशिवाय कोटेशनचा अर्थ लागत नाही. मे महिन्यात दुपारी मी उष्णतामापकाची बंदूक घेऊन गच्च्यांवर फिरतो. जुना काळवंडलेला कोबा ६० ते ६५ अंश दाखवतो. त्याच गच्चीचा चुना मारलेला तुकडा ४६ ते ५०. खोली ३६ अंशांवर धरू आणि कोबा ६२ वर. तुमच्या छतासारख्या रचनेतून मग दर चौरस मीटरला सुमारे ६८ वॅट खाली उतरतात. बारा बाय बाराच्या खोलीला हे ९०० वॅट झाले. म्हणजे आईवडिलांच्या डोक्यावर जवळपास एक किलोवॅटचा हीटर टांगलाय, आणि त्यावर कूलर लावून आपण तो विझवायला बघतोय. हा स्थिर अवस्थेचा ढोबळ हिशोब आहे, प्रत्यक्षात जाडीमुळे शिखर थोडं बोथट होतं. पण तुलनेला पुरतो.

याच ६८ चं काय होतं ते पाहू. फक्त पांढरा थर मारला आणि पृष्ठभाग ४८ वर आला, तर ६८ चे ३२. पांढऱ्यावर धूळ बसली, ती धुतली नाही, तर ४०-४२. पेंट न मारता साधं फॉल्स सीलिंग केलं तर ४३. त्यात एक इंच थर्माकोल घातला तर २०. गच्चीवर दोन इंच एक्सपीएस बोर्ड, म्हणजे त्या निळ्या किंवा गुलाबी घट्ट शीट येतात त्या, टाकून वर कोबा केला तर १३. दोन इंच पफ, ११. आणि पांढरा थर अधिक दोन इंच इन्सुलेशन, ५ ते ६.

यात दोन गोष्टी दडल्यात, ज्या कोटेशन देणारा सांगत नाही.

पहिली, जाडीची. काँक्रीटच्या मानाने एक्सपीएस उष्णता सुमारे पन्नासपट कमी वाहतं. म्हणजे एक इंच बोर्ड अडवायच्या बाबतीत चार फूट काँक्रीटच्या तोडीचा. म्हणून पहिला इंच चमत्कार करतो: ६८ वरून २१-२२. दुसरा इंच २२ वरून १३. तिसरा १३ वरून ९. चौथा इंच टाकणारे ठेकेदार तुमच्या घरासाठी नाही, बिलासाठी टाकतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छतातून किती उष्णता यावी याची जी कमाल मर्यादा आहे, तिच्या दुप्पट उष्णता आज तुमच्या छतातून येते. आणि ती मर्यादा एक इंच एक्सपीएसनेही आरामात पाळली जाते.

दुसरी गोष्ट परतफेडीची. ‘चार वर्षांत पैसे वसूल’ असं बहुतेक माहितीपत्रकांत छापलेलं असतं. तुमच्याकडे एसी आहे असं समजून तोच हिशोब करू. ९०० वॅट हे शिखर, रात्रीची सरासरी निम्मी धरू, दहा तास एसी, ९० दिवस. एसी साधारण तीन युनिट उष्णता काढायला एक युनिट वीज खातो. या छताच्या वाट्याला वर्षाला १३५ युनिटं येतात. वरच्या टप्प्याचा १२ रुपये दर धरला तरी १६०० रुपये. पांढऱ्या पेंटने यातले साडेआठशे वाचतात. त्या खोलीपुरता पेंटचा खर्च ४००० रुपये, म्हणजे पाचेक वर्षं. तोवर पेंट पुन्हा मारायची वेळ येते. नुसता पफ मारला तर वाचतील साडेतेराशे, खर्च २३ हजार, सतरा वर्षं. आणि आधी पेंट मारून मग त्यावर पफ? तेव्हा पफच्या वाट्याला उरते सहाशे-साडेसहाशेची बचत. पस्तीस वर्षांहून जास्त!

प्रत्येक ठेकेदार आपल्या मालाची तुलना उघड्या, काळ्या गच्चीशी करतो. जो पहिला लागतो त्याला श्रेय मिळतं. म्हणून मी सांगतो, जो उपाय स्वस्त आहे तो आधी लावा, आणि महागड्याची तुलना त्यानंतर जे उरतं त्याच्याशी करा. तसं पाहिलं तर घरगुती वीजबिलाच्या जोरावर आपल्याकडे इन्सुलेशन क्वचितच परवडतं. ते परवडतं ते झोपेच्या हिशोबात. सत्तरी ओलांडलेली माणसं रात्री साडेदहाला झोपू शकली, याची किंमत युनिटमध्ये निघत नाही, आणि तुमच्या घरी एसी नसल्याने तुमचा प्रश्न मुळात त्याच हिशोबाचा आहे.

आता एकेक माल घेऊ. जिथे बोलण्यासारखं आहे तिथे बोलतो.

‘हीट प्रूफ’ पेंट हे नाव फसवं आहे. पेंटचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आतला, तो उष्णता अडवू शकत नाही. तो ऊन परतवतो, कारण तो पांढरा आहे. म्हणून तो गच्चीवरच मारायचा. खोलीच्या आतून छताला ‘नॅनो सिरॅमिक’ पेंट मारून गारवा येतो असं कुणी सांगितलं तर चहा पाजा आणि रवाना करा. विचारायचं ते त्याचा एसआरआय किती, म्हणजे ऊन परतवून पृष्ठभाग किती गार राहतो याचा आकडा, किती हात, आणि तो ताणला तर फाटतो की लवतो. लवचीक असेल तर बारीक भेगाही झाकतो. मजुरीसकट २५ ते ३५ रुपये फूट. दोन हात, चार-पाच वर्षं, आणि अट एकच: मार्च आणि एप्रिलमध्ये एकेकदा झाडून धुवायचा. आपल्याकडे धूळ अशी उडते की महिनाभरात पांढऱ्याचं मातकट होतं.

याचा गरीब भाऊ चुना. भिजवलेला चुना, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटायला डिंकासारखा बाइंडर. मजुरीसकट फुटाला तीन-चार रुपये. पावसात धुऊन जातो, पण पावसात तो हवाय कुणाला? दरवर्षी होळीनंतर एक दिवसाचं काम. गारव्यात नव्या पेंटपेक्षा थोडाच कमी. ज्यांचं बजेट नाही त्यांना मी पेंट सांगतच नाही, चुना सांगतो, आणि त्यात माझं कमिशन नसल्याने लोक विश्वास ठेवतात.

चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा कोबा, हा आपल्या जुन्या मिस्त्रींचा कूल रूफ. पंधरा-वीस वर्षं टिकतो, धुतला की पुन्हा पांढरा. फुटाला ९० ते १३०. नवा कोबा करायचाच असेल तर त्यावर हा थर उत्तम. पावसाळ्यात शेवाळ धरलं की घसरतो, तेवढं सांभाळायचं. पण नुसतं गारव्यासाठी चांगला कोबा फोडून हे करू नये.

विटांचा कोबा स्वतः इन्सुलेशन आहे हा समज खोलवर आहे. चार इंच कोब्याने उष्णता साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होते, बस. वजन मात्र चौरस मीटरला १९० किलोच्या घरात. आणि गच्चीवर वापराचा जो भार धरून स्लॅब डिझाइन करतात तो चौरस मीटरला १५० किलो. त्यामुळे ‘जुन्या कोब्यावर अजून एक कोबा मारून देतो, खालची खोली गार होईल’ असं म्हणणाऱ्याला गच्चीवर पाऊल ठेवू देऊ नका. २२ वर्षांच्या स्लॅबवर तर नाहीच.

थर्माकोल, एक्सपीएस आणि पफ. तिघांची अडवायची ताकद थोड्या फरकाने सारखी आहे. इंचाला इंच पफ सर्वांत सरस, मग एक्सपीएस, मग थर्माकोल. पण निवड त्यावर होत नाही, पाण्यावर होते. थर्माकोलचे दाणे एकमेकांना चिकटवलेले असतात, मधून पाणी शिरतं. गच्चीवर कोब्याखाली तो गेला की दोन पावसाळ्यांत ओलसर होतो, आणि ओलं इन्सुलेशन म्हणजे फक्त ओझं. एक्सपीएसच्या पेशी बंद, पाणी धरत नाहीत, भार घेतात, चाललं तरी दबत नाहीत. म्हणून गच्चीवर स्लॅबच्या वर माझी पसंती एक्सपीएसला. घनता विचारा, घनमीटरला ३२ ते ३६ किलो हवी. दोन इंची बोर्ड ७० ते ८५ रुपये फूट, वरचा कोबा धरून १५० ते १९०.

पफचा फवारा सांधे नसलेला, कानाकोपऱ्यात बसणारा, वजनाला नगण्य. चांगला मारलेला पफ मी पाहिलाय, खूप छान काम करतो. पण सगळं मारणाऱ्याच्या हातावर. दोन रसायनांचं प्रमाण चुकलं, पृष्ठभाग दमट असला, वारा असला की तो फुगतो, पोपडे येतात. उन्हात उघडा ठेवला तर पिवळा पडून भुसा होतो, म्हणून वर संरक्षक थर लागतोच. तो थर कोटेशनमध्ये आहे का ते बघा, बऱ्याचदा नसतो. आणि साळुंक्या, कावळे तो टोचून टोचून खातात. हसू नका, धरमपेठेतल्या एका गच्चीवर मी चिमणीएवढी भोकं मोजलीत. ज्या गच्चीवर पापड, कुरडया, गहू वाळतात, मुलं पतंग उडवतात, तिथे उघडा पफ नको. पत्र्याच्या शेडला खालून मारायला तो राजा आहे.

फॉल्स सीलिंगबद्दल मला बोलायचा अधिकार माझ्याच चुकीने मिळालाय. २००९ च्या सुमारास वर्ध्यात एका घरी मी स्लॅबला खालून थर्माकोल चिकटवून पीओपी केलं. पहिले दोन उन्हाळे मालक खूश, चार ठिकाणी माझं नाव सांगितलं. तिसऱ्या पावसाळ्यात गच्चीला बारीक गळती लागली. एरवी छताला ओल दिसली असती, पोपडा आला असता, त्यांनी फोन केला असता. इथे थर्माकोल आणि पीओपीने सगळं झाकलेलं. पाणी वर्षभर आत मुरत राहिलं, सळ्या गंजल्या, आणि एका रात्री पीओपीचा चार फुटी तुकडा पलंगाच्या कडेला पडला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. उघडून पाहिलं तर आतून उंदरांची चार घरटी निघाली. माझा मिस्त्री वर बघत म्हणाला, “सायेब, इथं तं उंदरायलेच एसी लागला व्हता.” दुरुस्ती मी पदरच्या पैशाने केली. तेव्हापासून नियम: गळतीची शंका असलेल्या स्लॅबखाली काही झाकायचं नाही. तुमच्या प्रश्नात ‘कोपऱ्यात थोडी ओल येते’ असं ओझरतं लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या मजकुरातलं ते सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे.

शिवाय थर्माकोल पेट घेतो आणि वितळून थेंब पडतात. सीलिंगमध्ये पंख्याच्या, दिव्यांच्या वायरी त्यालाच खेटून जातात. सीलिंग करायचंच तर थर्माकोलऐवजी काचलोकर किंवा रॉकवूल (दगडी लोकर) पिशवीबंद घाला, ५० मिलिमीटरला फुटाला २५ ते ४० रुपये जास्त. किंवा चंदेरी फॉइल, फुटाला १०-२० रुपये, पण तिच्या चकचकीत बाजूसमोर इंच-दोन इंच मोकळी हवा हवीच. ती उष्णतेची किरणं अडवते, स्पर्शाने येणारी नाही. चकचकीत बाजू स्लॅबला घट्ट चिकटवलेली फॉइल ही भिंतीला लावलेल्या सणाच्या सजावटीइतकीच उपयोगाची.

तुमच्या आईंनी विचारलंय म्हणे, की त्यांच्या माहेरचं धाब्याचं घर कसं गार असायचं? छान प्रश्न आहे. धाब्यावर, मराठवाड्यात माळवदावर, लाकडी सरांवर फूटभर पांढरी माती असायची. नुसत्या अडवण्याच्या ताकदीत ती फूटभर माती म्हणजे पाऊण इंच एक्सपीएस, जास्त नाही. तरी घर गार, कारण माती जड. दुपारची उष्णता खाली पोहोचायला दहा-बारा तास लागायचे, तोवर पहाट व्हायची आणि रात्रभर वरून ती आभाळाला उष्णता परत देत राहायची. दोन-अडीच फूट जाड भिंती वेगळ्याच. आणि लोक रात्री आत झोपायचेच कुठे, धाब्यावर झोपायचे! ते वजन, चौरस मीटरला पाचशे किलोच्या जवळ, तुमच्या स्लॅबवर टाकता येत नाही. पण त्यातली एक गोष्ट उचलता येते: इन्सुलेशन स्लॅबच्या वर घातलं की स्लॅब सावलीत राहते आणि पहाटेचा गारवा धरून ठेवते, पण त्यासाठी पहाटे खिडक्या उघड्या हव्यात. खालून घातलं तर स्लॅबचा हा उपयोग जातो, आणि ती रोज तापून-निवून भेगाळत राहते ते वेगळंच. एसी लावून तासाभरात खोली गार करायची असेल तर मात्र खालचं इन्सुलेशन बरं, कारण एसीला स्लॅब थंड करत बसावं लागत नाही. कूलरचं घर आणि एसीचं घर यांचं उत्तर इथे वेगळं होतं.

मुंबई, कोकण, गोव्याकडचे कुणी हे वाचत असतील तर जसंच्या तसं उचलू नका. तिथे दमट हवेत काचलोकर ओल धरते, आणि रात्र-दुपारच्या तापमानात आमच्याइतका फरक नसतो, त्यामुळे जड छताचा फायदा कमी. तिथे हलकी, हवेशीर सावली सरस.

आता तुमच्या दीड लाखाचं मी काय करीन ते. सगळे खर्च करणार नाही.

आधी गळती. गच्चीची पाणी उतरायची भोकं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालून बघा. हे आता, उन्हाळ्याआधी. कोपऱ्याची ओल बहुतेक कठड्याच्या वाट्यातून (कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यावरच्या गोलाईतून) किंवा पाइपाच्या तोंडातून असते, दहा-पंधरा हजारांत भागते. संपूर्ण कोबाच पोकळ वाजत असेल, ठोकल्यावर डबडब आवाज येत असेल, तर मग गोष्ट बदलते. तो कोबा काढावाच लागणार, आणि तेव्हा, फक्त तेव्हाच, खाली वॉटरप्रूफिंग करून दीड-दोन इंच एक्सपीएस घालून नवा कोबा करा. मजुरी, मलबा, सिमेंट हे सगळं तसंही लागणारच असतं, वाढीव खर्च फक्त बोर्डाचा, ७०-८० रुपये फूट. बजेट पुरलं नाही तर बोर्ड झोपायच्या खोलीच्या वरच्या भागापुरते, भिंतीपलीकडे दोन फूट जास्त.

कोबा ठणठणीत निघाला तर या वर्षी तो फोडू नका. गळती दुरुस्त करून फेब्रुवारीत गच्चीभर पांढरा लवचीक थर मारा, तेच ३१ हजारांचं कोटेशन थोडी घासाघीस करून. झोपायच्या खोलीच्या वर सात फुटांवर हिरवी शेडनेट बांधा, नर्सरीवाले आणि संत्र्याची रोपं करणारे वापरतात ती, ७५ टक्के ऊन अडवणारी. जाळी फुटाला पाच-आठ रुपये, खरा खर्च पाइपांचा. गच्चीला पहिली छत्री पेंटची, त्यावर ही दुसरी. मे-जूनच्या वादळात उडणार नाही अशी बांधा आणि पाऊस लागला की सोडून ठेवा.

सोलर बसवायचा विचार असेल तर आधी सांगायला हवं होतं असं वाटायला नको, म्हणून आत्ताच सांगतो. ३ किलोवॅटला पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान मिळतं आणि त्याला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे दोन खोल्यांचं छत. पॅनल उंच चौकटीवर, खालून वारा खेळेल असे, बरोबर झोपायच्या खोलीच्या वर बसवा, मग शेडनेटचा खर्च नकोच. माझ्या ओळखीत दोन-तीन घरांनी फक्त जागा निवडताना एवढा विचार केला आणि खालची खोली फुकटात सुधारली. बहुतेक बसवणारे मात्र सोयीचं म्हणून जिन्याच्या टोपीवर बसवतात.

पश्चिमेला खिडकी असेल तर बाहेरून तट्ट्या किंवा वाळ्याचा पडदा. आतला पडदा नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलं की आलंच. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायला सांगा. बंद खोलीत कूलर दमटपणा करतो, गारवा नाही. हे आईवडिलांना पटवणं पेंटपेक्षा अवघड जाईल, अनुभवाने सांगतो.

एवढं करून एक उन्हाळा जाऊ द्या. तरीही रात्री छत गरम लागलं, तर पुढच्या वर्षी त्या एका खोलीला फॉइल किंवा रॉकवूल घालून जिप्सम सीलिंग करा, एक फूट बाय एक फूटचं उघडणारं झाकण ठेवून, म्हणजे आत डोकावून ओल बघता येईल. बाकी दोन खोल्यांना गरज नाही, तिथे रात्री कुणी झोपत नाही.

ठेकेदार ठरवताना तिघांनाही एकच विचारा: धूळ बसल्यावर, एका पावसाळ्यानंतर, दुपारी तीनला आणि रात्री नऊला छताचं खालचं तापमान किती असेल, आणि तुम्ही येऊन मोजाल का? जो गच्चीवर चढून आधी ओल तपासतो त्याला काम द्या. आणि काम व्हायच्या आधीचे चार-पाच दिवसांचे रात्री नऊचे आकडे वहीत लिहून ठेवा. हजार-दीड हजाराला मापकाची बंदूक मिळते, छताच्या मधोमध रोखायची. झाल्यानंतरचे आकडे मला कळवा. माझा अंदाज, पांढरा थर आणि जाळी मिळून चार ते सहा अंशांचा फरक दिसेल. कमी आला तर मी चुकलो ते कुठे, हे मलाही बघायचंय.